बुटीबोरीला हरवलेले पंधरा टक्के

२७ मे २०२४, सोमवार. नवतपाचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतला, तिसरा दिवस. संध्याकाळचे पावणेसात झाले होते, बुटीबोरीचा उड्डाणपूल समोर दिसत होता आणि गाडीची बॅटरी ३३ टक्के होती. एक ट्रक पुढे काढला, पुन्हा खाली नजर गेली तर १८. आधी वाटलं, आपणच चुकीचं वाचलं. पूल उतरेपर्यंत १६ झाले होते आणि घर अजून २८ किलोमीटर होतं.

मी वर्ध्याला बँकेत आहे, राहते नागपुरात त्रिमूर्ती नगरला. अप-डाउन करते. आठवड्यातले तीन दिवस गाडी, बाकीचे दिवस रेल्वे. जाऊन-येऊन १५६ किलोमीटर. गाडी मार्च २०२१ मध्ये घेतलेली, इलेक्ट्रिक, ३० युनिटच्या बॅटरीची. (कंपनीवाले किलोवॅट-तास म्हणतात. लाइटबिलातलं एक युनिट म्हणजे तेच, म्हणून आमच्या घरी युनिटच चालतं.) वर्ध्याला शाखेच्या मागच्या शेडमध्ये पंधरा अँपिअरचा प्लग आहे, साहेबांच्या परवानगीने आणि माझ्या पैशाने लावलेला. दिवसभर गाडी तिथे चार्जिंगला असते. त्या सोमवारी दुपारी एकला वर्ध्यात लाइट गेली ती आलीच नाही. निघाले तेव्हा ६२ टक्के होते. हिशोबाने घरी पोचताना वीसेक उरायला हवे होते.

एसी बंद केला, काचा खाली केल्या, वेग पन्नासवर आणला. सात वाजता बाहेर ४२ अंश होतं. चुलीसमोर बसून भाकरी थापताना तोंडावर येतात तशा झळा आत येत होत्या. रस्त्यातल्या पंपावरच्या फास्ट चार्जरपाशी वळले, तर तिथला पोरगा म्हणाला, "मॅडम, परवापासून बंदच आहे न ते." पुढचा चार्जर चालू असेल की नाही कोण जाणे, म्हणून तशीच निघाले. खापरीला बाजूने मेट्रो गेली, आतले लोक थंड हवेत मोबाइल बघत बसलेले. तेव्हा १० टक्के होते. विमानतळापाशी डॅशबोर्डवर पिवळं कासव, म्हणजे बॅटरी संपत आल्याची खूण, उमटलं आणि गाडीने पिकअप घेणं सोडून दिलं. डबल डेकर पुलावर चढायची हिंमत झाली नाही, खालच्या रस्त्याने रिक्षांच्या मागे मागे छत्रपती चौक गाठला. फाटकात शिरले तेव्हा ३ टक्के उरले होते. घामाने कुर्ता पाठीला चिकटलेला.

सासरे अंगणात खाटेवर बसले होते. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं काय, तर "प्लग लावायच्या आधी मीटरचं रीडिंग लिहिलं का?"

त्या वेळी राग आला. पण या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य तेच निघालं.

रात्रभर एकच विचार, बॅटरी गेली. तीन वर्षं दोन महिने, ५८ हजार किलोमीटर. वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, म्हणजे कागदावर काळजीचं कारण नव्हतं. पण वॉरंटी मिळते ती क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर. माझी ७२ निघाली तर? मग ना धड गाडी, ना धड वॉरंटी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या मुलाने संगणकाची वायर लावली, एररचा कोड नाही म्हणाला. "उन्हाळ्यात रेंज कमी होतेच मॅडम. एसी लावून राहिल्या न तुम्ही. कायले टेन्शन घेऊन राहिल्या?" मी म्हटलं, रेंज कमी झाली हे कळतं, पण एका ट्रकला ओलांडताना पंधरा टक्के कसे जातात? त्यावर तो म्हणाला, अपडेट मारून देतो. मारला. त्याने काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता.

बुधवारी संध्याकाळी पुतण्या डोंगल घेऊन आला. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, मेकॅनिक वायर लावतात ते. त्यात ही काडेपेटीएवढी डबी लावायची आणि मोबाइलवर बॅटरीच्या पोटातले आकडे बघायचे. डॅशबोर्ड फक्त टक्के सांगतो. इथे आतल्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज दिसतो. गाडी मुद्दाम १२ टक्क्यांपर्यंत उतरवली होती. सगळ्यात वरचा सेल ३.२१ व्होल्टवर होता आणि सगळ्यात खालचा ३.०२ वर.

पुतण्याने ओठ दाबले. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मात्र एकदम हुशारी आली. "एक पान रिकामं झालं न," म्हणाले.

त्यांनी समजावलं ते असं. सेल एकामागे एक साखळीत जोडलेले असतात, पंगतीत बसल्यासारखे. मानाच्या माणसाने जेवण संपवून हात धुतला की पंगत उठते, बाकीच्यांच्या पानात भात असला तरी. एका सेलमधली वीज संपली की गाडी सगळ्यांनाच रिकामं समजते. चार्जिंगच्या वेळी उलटं, एकाचं पान भरलं की वाढपी पुढे निघून जातो, दुसऱ्यांचं अर्धंच राहिलं तरी. सेल खराब असायलाच पाहिजे असं नाही. मागे-पुढे झालेले असले तरी एवढा घोळ पुरतो.

मग ते मागे-पुढे झाले कसे? याचं उत्तर डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत होतं. गाडीसोबत आलेली पुस्तिका मी तीन वर्षांत उघडली नव्हती. त्यात लिहिलं होतं की आठवड्यातून एकदा तरी घरच्या स्लो चार्जरवर गाडी १०० टक्के भरा. आणि मी काय करत होते? घेतली तेव्हा कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, '२० च्या खाली नाही, ८० च्या वर नाही, बॅटरी वीस वर्षं टिकेल.' मी ते संकष्टीच्या उपासासारखं पाळलं. घरी ८० ला बंद, वर्ध्याला ८० ला बंद. वर्ध्याला प्लग लागल्यापासून दोन वर्षांत गाडीने १०० बघितलेच नव्हते.

सल्ला खोटा नाही, पण तो दुसऱ्या जातीच्या बॅटरीचा. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या सेलना काठोकाठ भरून ठेवणं खरंच मानवत नाही. माझ्या गाडीत लोह-फॉस्फेटचे सेल आहेत, एलएफपी म्हणतात ते. हे जास्त सोशिक, पण त्यांची एक खोड आहे. समजायला आमचा कूलर बरा. कूलरच्या टाकीतला फ्लोट जुना झाला की टाकी काठोकाठ भरली तर वर येतो, तळ लागला तर खाली जातो आणि मधे कुठेही पाणी असो, एकाच जागी अडकून बसतो. एलएफपी सेलचा व्होल्टेज असाच ३.२-३.३ च्या आसपास बसून राहतो. ४० टक्के आणि ६० टक्के यांत व्होल्टेजवरून फरक कळणं कठीण. मग गाडी काय करते, तर बादल्या मोजते. किती करंट आत गेला, किती बाहेर पडला. प्रत्येक बादलीत वाटीभर चूक, रोज दोन-चार बादल्या, महिन्यामागून महिने. टाकी वरून सांडली तरच हिशोब पुन्हा शून्यावर येणार. मी ती कधी सांडूच दिली नाही.

तर बुटीबोरीला पंधरा टक्के कुठे पडले नव्हते. ते गाडीत नव्हतेच. सगळ्यात रिकाम्या सेलचा व्होल्टेज खाली घसरला तेव्हा गाडीला आपली चूक कळली आणि तिने आकडा एकदम दुरुस्त केला, एवढंच.

योगायोग बघा, ३० मेला हेच नागपूरभर चाललं होतं. स्वयंचलित हवामान केंद्रांपैकी एकाने ५६ अंश दाखवले, दुसऱ्याने ५४. टीव्हीवर, मोबाइलवर तेच. बँकेतही लोक एकमेकांना फोटो दाखवत होते. नंतर सेन्सर चुकले होते असं जाहीर झालं. बाकीच्या ठिकाणी पारा ४४-४५ ला होता. ४५ काय कमी आहे म्हणा. पण त्या दिवशी घरी बाबांनी मला विचारलं, "मग, कोणाचा काटा जास्त बिघडलाय, त्यांचा की तुझा?"

इलाज फुकटाचा निघाला. ३०, ३१ मे आणि १ जून, अशा तीन रात्री गाडी १०० टक्के भरायची आणि १०० दिसले तरी प्लग काढायचा नाही. १०० झाल्यानंतरच खरं काम सुरू होतं. जे सेल भरलेत त्यांची थोडी थोडी वीज आतल्या बारीक रेझिस्टरमधून उष्णता करून उडवायची, म्हणजे मागे राहिलेल्यांना भरायला वेळ मिळतो. अगदी मुंगीच्या चालीने होतं ते. पहिल्या रात्री साडेतीनला १०० झाले, सकाळी सातपर्यंत तसंच ठेवलं. दिवसा गावातल्या गावात फिरवून पुन्हा खाली आणायचं. सीताबर्डी, धरमपेठ, गोकुळपेठेतून भाजी. त्या तीन दिवसांत घरात सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, इतकी आली की दोनदा सांबारवड्या झाल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा १२ टक्क्यांवर डोंगल लावलं. वरचा सेल ३.१९, खालचा ३.१५.

आता खरा प्रश्न, बॅटरी किती उरली? आणि इथे बाबांची वही बाहेर आली.

त्यांनी गाडी घेतली तेव्हाच चार्जिंग पॉइंटला वेगळा सबमीटर बसवला होता. आम्ही तेव्हा हसलो होतो. वहीत २० मार्च २०२१ ची नोंद होती: १० टक्क्यांपासून १०० पर्यंत, ३१.१ युनिट. आता ३० ची बॅटरी, त्यातले ९० टक्के म्हणजे २७, मग ३१ कसे लागले? वरचे चार युनिट रस्त्यात गेले. चार्जर तापतो, वायर तापते, भिंतीतून निघालेली सगळी वीज बॅटरीत पोचत नाही. म्हणून मीटरचा आकडा म्हणजे बॅटरीची क्षमता नव्हे. पण चार्जर तोच, प्लग तोच, वायर तीच असेल तर गळतीही जवळपास तीच, आणि मग जुन्या आकड्याला नवा आकडा ताडून बघता येतो. २ जूनच्या रविवारी गाडी बरोबर १० टक्क्यांवर आणली आणि रात्री लावली. सकाळी बाबा माझ्या आधी मीटरपाशी उभे होते. २८.३.

भागाकार त्यांनीच केला. ९१ टक्के.

पहिल्या दिवशीच हे करून बघितलं असतं तर भलताच आकडा आला असता, कारण ज्याला १० म्हणायचं तेच खरं नव्हतं. आधी टाकी सांडायची, मग मोजायचं. पुतण्याचं ॲप एका कोपऱ्यात ९६ दाखवत होतं, पण तो गाडीचाच अंदाज होता, मोजलेला आकडा नव्हे. त्यावर मी विसंबले नाही.

तरी कागद हातात हवा होता. घरच्या वहीवर वॉरंटी मिळत नाही, आणि उद्या गाडी विकायची म्हटलं तर घेणारा पहिला प्रश्न बॅटरीचाच विचारतो. म्हणून ४ जूनला पुन्हा सर्व्हिस सेंटर. यावेळी 'रेंज कमी आहे' म्हणाले नाही, 'बॅटरीची क्षमता चाचणी करून लेखी रिपोर्ट हवा' म्हणाले आणि सेलच्या व्होल्टेजचे स्क्रीनशॉट पुढे ठेवले. शब्द बदलले की वागणूक बदलते. आतून एक वरिष्ठ इंजिनिअर आले, त्यांनी जॉब कार्डवर तसंच लिहून घेतलं. लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस होता, अख्खं सेंटर टीव्हीसमोर, त्यामुळे गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली. पूर्ण उतरवून, पूर्ण भरून मोजली होती. रिपोर्टवर ९२.

इंजिनिअर चांगले होते, थांबून बोलले. बॅटरीची झीज सरळ रेषेत होत नाही म्हणाले. सुरुवातीला लिथियमचा काही भाग सेलच्या आतल्या एका पातळ थरात कायमचा अडकून बसतो, त्यामुळे पहिल्या वर्ष-दीड वर्षात घट जास्त दिसते, मग वेग मंदावतो. नागपुरात खरा शत्रू ऊन आहे, त्यातही भरलेली गाडी उन्हात तापत ठेवणं. हे ऐकून मी गप्प झाले, कारण तीन रात्री १०० भरून सकाळी सातपासून मी गाडी अंगणात उन्हातच सोडली होती. आता चार्जिंग अशा वेळी लावते की निघायच्या तासभर आधी १०० व्हावेत.

झालं, असं वाटलं. पण १०० टक्क्यांवर गाडी अजूनही १७६ किलोमीटरच दाखवत होती आणि मार्च २०२१ मध्ये ती २२० दाखवायची. आठ-नऊ टक्के घट धरली तर २०० तरी हवे होते. उरलेले पंचवीस कुठे गेले?

त्यातले बरेचसे माझ्या पायात होते. १०० टक्क्यांसमोर जो किलोमीटरचा आकडा येतो तो गाडी मागच्या प्रवासावरून बांधते. २०२१ मध्ये माझी शाखा नागपुरातच होती, गाडी गावात चाळीसच्या आत चालायची. आता ती वर्धा रोडवर शंभरने पळते. मी दोन वेगळ्या बायकांच्या रेंजची तुलना करत होते.

८ जूनला दुसरा शनिवार. पहाटे साडेपाचला नवरा, मी आणि तर्री-पोह्यांचा डबा. बुटीबोरी ते केळझर आणि परत, साधारण ४५ किलोमीटरची फेरी, एकदा ८० ने आणि एकदा १०० ने. जाऊन-येऊन अशासाठी की वारा एका बाजूने मदत करतो तर दुसऱ्या बाजूने वसूल करतो. ८० ला शंभर किलोमीटरमागे १३.१ युनिट लागले, १०० ला १६.८. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो हे शाळेत शिकलो होतो. ८० चे १०० केले की तो दीडपटीच्याही वर जातो. माझ्या बॅटरीत आज साधारण साडेसत्तावीस युनिट आहेत असं धरलं तर ८० ने २०० च्या वर, १०० ने १६० च्या आसपास. वेळ किती वाचतो, तर वर्ध्यापर्यंत जेमतेम दहा-बारा मिनिटं. केळझरच्या गणपतीला टेकडीखालूनच नमस्कार केला, कारण नवऱ्याला दहा वाजता मॅच बघायची होती.

जाहिरातीतला तीनशेच्या वरचा आकडा कुठून येतो तेही मग पाहिलं. आपल्याकडच्या त्या प्रमाणित चाचणीत वेग कधी ९० च्या वर जातच नाही आणि एसी बंद असतो. मे महिन्यात नागपुरात एसी बंद ठेवून कोण गाडी चालवतं? मी चालवली, २८ किलोमीटर, मला विचारा.

एसीबद्दल माझी समजूतही उलटीच होती. मला वाटायचं हायवेवर एसी खातो. डोंगलवर बघितलं तर उन्हात उभ्या गाडीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं तो जवळपास अडीच किलोवॅट ओढतो, मग सव्वाच्या आसपास स्थिरावतो. तो तासावर खातो, किलोमीटरवर नाही. ८० ने जाताना सव्वा किलोवॅट म्हणजे शंभर किलोमीटरमागे दीड युनिट. तोच सीताबर्डीच्या गर्दीत ताशी वीसच्या वेगाने चाललात तर सहा युनिट. त्यामुळे उन्हाळ्यात गावातल्या छोट्या फेऱ्याच जास्त महाग पडतात. आता निघायच्या आधी, प्लग लागलेला असतानाच, मोबाइलवरून एसी सुरू करते. ती वीज भिंतीतून जाते.

टायरचं फार लिहीत नाही, लाज वाटते. दारावरच्या स्टिकरवर हवेचा दाब ३३ लिहिला होता, टायरमध्ये २७ होता.

१० जूनचा सोमवार. घरून १०० टक्के, वेग ८०, एसी २६ वर. वर्ध्याला मुद्दाम प्लग लावला नाही. शिपाई मामा दोनदा येऊन विचारून गेले, "मॅडम, वायर विसरल्या का?" संध्याकाळी सहाला निघाले. पवनारचा पूल गेला, सेलू गेलं, केळझर गेलं. बुटीबोरीचा उड्डाणपूल दिसला तेव्हा ३७ होते. पुढे एक ट्रक होता. ओलांडला. खाली बघितलं, ३७.

घरी पोचले तेव्हा २३ होते. बाबा वही घेऊन फाटकाशीच उभे. आकडा लिहून घेतला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे न? मग काचा कायले खाली आहेत?"

बुटीबोरीला एसी बंद केला होता, ते मला त्यांनी विचारेपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.